गावाची आठवण कीर्तनात आणणारे गाडगेबाबा

धामणगाव रेल्वे : विदर्भात दंडार, खडी गंमत आणि भजनी मंडळे यांची परंपरा जुनी आहे. पण गावावर जे गुदरले त्याचीच गोष्ट करायची आणि ती गावकऱ्यांच्याच तोंडून वदवून घ्यायची, ही रीत आपल्या वऱ्हाडात संत गाडगेबाबांनी रुजवली. बाबांच्या कीर्तनातल्या गोष्टी पोथीतल्या कमी आणि त्यांनी स्वतः भोगलेल्या जास्त होत्या, हे त्यांचे चरित्र पाहिले की ध्यानात येते.

बाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांना दारूचे व्यसन जडले, त्यातच ते गेले आणि संसार उघड्यावर आला. आई सखुबाईंनी लेकराला घेऊन भावाचे घर गाठले. हे आजोळ म्हणजे मुर्तिजापूर तालुक्यातील दापुरा. धामणगावहून मुंबईकडे जाणाऱ्या आपल्या लोहमार्गावरच मुर्तिजापूर लागते.

दापुऱ्यात देबूजींनी गुरं राखली, वखर-नांगर धरला आणि मामांच्या वावरात राबराब राबले. मामा चंद्रभान भोळे होते. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, हे वाचता येत नव्हते. कर्ज फुगत गेले, जमिनीवर गदा आली आणि त्या धक्क्याने मामांनी हाय खाल्ली. ताबा घ्यायला आलेल्या सावकाराला देबूजी वावरात आडवे झाले. ही हकीकत त्या काळी घरोघरची होती, पण ती चारचौघांत बोलायची सोय नव्हती. कर्जाची लाज वाटायची.

देबूजींचे लग्न झाले, लेकरं झाली. लेकीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत द्यायची होती. त्यांनी गोड जेवण घातले. भाऊबंद चिडले, पण ते मागे हटले नाहीत. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे गाडगे एवढाच संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला यात्रेकरूंचे चिखलातून हाल व्हायचे. तिथे बाबांनी घाट बांधून घेतला. ऋणमोचन या नावाचा अर्थच कर्जातून सुटका, आणि कर्ज हाच बाबांच्या कीर्तनाचा मोठा विषय झाला.

कीर्तनाची रीत साधी होती. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे. पाहता पाहता गावकरीही झाडायला लागायचे. रात्री गोपाळाच्या नावाचा गजर व्हायचा. वाद्यांचा थाट नव्हता. बाबा अस्सल वऱ्हाडीत श्रोत्यांना एकेक प्रश्न विचारायचे : कर्ज कोणी काढले, कशापायी काढले, लग्नात किती उडवले, नवसाला बकरं कोणी कापले, शिवाशिव कोण पाळतो. लोक जागेवरूनच उत्तरे द्यायचे. कोणी हसायचे, कोणी मान खाली घालायचे. गावाच्या मनातले गावासमोर यायचे. घरात ताट नसले तर भाकर हातावर घ्यावी, पण लेकरू शाळेत घालावे, असा त्यांचा सांगावा असे. मामांच्या वावराची आठवण त्यामागे होती, हे उघड आहे.

लोकांनी दिलेल्या पैशाला बाबांनी स्वतःसाठी हात लावला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. 1952 मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. पुढे राज्यात ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने सुरू झाले आणि अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले.

आज 20 डिसेंबरला गावोगाव खराटे निघतात, हे चांगलेच आहे. मात्र बाबांच्या कामाचा झाडलोट हा अर्धा भाग होता. रात्री गावाला बोलते करणे हा दुसरा. कापूस-तुरीच्या या मुलखात कर्जापायी घरं बसल्याचे आपण डोळ्यांनी पाहिले, तरी ते बोलायला माणूस अजून कचरतो. सरपंच, ग्रामसेवक आणि भजनी मंडळांनी त्या दिवशी सांजच्याला म्हाताऱ्या मंडळींना पारावर बसवावे. कोणते वावर कशापायी गेले, कोणत्या लग्नाने घर बसले, कोणती विहीर कोणासाठी बंद होती, हे त्यांना सांगू द्यावे आणि पोरांनी त्याचेच कीर्तन किंवा नाटुकले बसवावे. याला निधीची गरज नाही. एक कंदील आणि टाळ पुरे.