बाबासाहेबांचा मित्र

दरवर्षी आपण दीक्षाभूमीवर लाखोंच्या संख्येने जमतो. पण गट बदलला की कालचा जिवलग आज ओळखसुद्धा दाखवीत नाही. म्हणूनच बाबासाहेबांच्या जीवनातील एक पान आम्ही आज पुन्हा उघडत आहोत.

१९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे नवल भथेना हे पारशी मित्र त्यांना लाभले. पुढे १९१७ मध्ये बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या पारशी जमावाने हाकलले. शहरात कुठेच आसरा मिळेना. नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. एवढा अपमान होऊनही नवलशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही आणि नवलनेही हात सोडला नाही.

मे १९२० च्या अखेरीस आपल्या नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेब तिला हजर होते. लगेच जुलैमध्ये ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला निघाले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवलने कर्जाऊ दिलेले ५,००० रुपये, एवढीच त्यांची शिदोरी होती. १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली.

नवल ना जातीचे, ना नात्याचे. ते फक्त मित्र होते. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा आपण जयजयकार करतो, पण त्या मित्राची आठवण किती जण काढतात?

बांधवांनो, मतभेद होणारच. पण त्यासाठी मित्र तोडायचा नसतो, एवढे तरी आपण शिकणार की नाही?