दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे आणि मुंबई इलाख्याचा खजिना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजात जे कर्तृत्ववान पुरुष होऊन गेले, त्यांत अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांचे स्थान निराळे आहे. वसतिगृहांना देणग्या देणारे, तीर्थक्षेत्रांची व्यवस्था पाहणारे, ग्रंथप्रकाशनास हातभार लावणारे दानशूर आपल्या सोलापुरातही थोडे झाले नाहीत. शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी तर १८८४ सालीच येथून ‘जैन बोधक’ सुरू करून समाजाला विचार करावयास लावले. परंतु मतदारांचा कौल घेऊन विधिमंडळात जाणे आणि एका संपूर्ण प्रांताच्या जमाखर्चाची जबाबदारी शिरावर घेणे हे कार्य वेगळ्या प्रकृतीचे होते. १९३७ ते १९३९ या काळात गुजरातपासून कारवारपर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रिपद अण्णासाहेबांकडे होते. सोलापूर जिल्हाही त्याच इलाख्यात मोडत होता.

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे झाला. उच्च शिक्षणाची परंपरा नसलेल्या समाजातून पुढे येऊन त्यांनी एम.ए. व एल्‌एल.बी. या पदव्या संपादन केल्या. १८९९ साली स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तेव्हा अवघ्या विशीतील हा तरुण तिच्या अग्रभागी असलेल्या मंडळींत होता. १९०५ मध्ये त्यांनी जैन धर्माचा परिचय करून देणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले आणि तेथील जैन बोर्डिंगची देखरेखही पाहिली. धर्म, शिक्षण आणि संघटना या तिन्ही क्षेत्रांत त्यांची उमेदवारी अशी एकाच वेळी झाली.

याच बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. १९०८ साली छत्रपती शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. परत आल्यावर स्नान करून मगच बोर्डिंगात वावरावे, ही अट त्यांनी मान्य केली नाही आणि अण्णासाहेबांनी त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकले. बहुजनांच्या हक्कांसाठी पुढे झगडणाऱ्या या नेत्याच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या लौकिकाला शोभणारा नाही. तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही, कारण पुढील घटनेचे मोल त्याशिवाय कळत नाही.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना डांबर फासण्याचा प्रकार घडला. संस्थानी राजकारणाच्या गुंतागुंतीत संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळली. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर विलक्षण दडपण आणण्यात आले. ज्याने आपणांस बोर्डिंगबाहेर काढले, त्याच्यावर सूड उगविण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी तुरुंगवास सोसला, छळ असह्य होऊन जीव देण्याचा प्रयत्नही केला. पण खोटी साक्ष दिली नाही. पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर ते हेच. लठ्ठे यांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावला येऊन वकिलीस आरंभ केला. नोकरी गेली, राजाश्रय गेला. परंतु राजकारणाचे मोकळे मैदान त्यांना याच गावी लाभले.

त्या काळी राजकीय हक्कांची मागणी करणाऱ्यांत प्रामुख्याने शिकलेल्या उच्च वर्गाचा भरणा होता. स्वराज्याचे हक्क आले तर ते कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न शेतकरी व व्यापारी समाजांतील सुशिक्षितांना भेडसावत होता. १९१६ च्या सुमारास डेक्कन रयत असोसिएशन ही संघटना उभी राहिली. तिच्या आघाडीवर लठ्ठे आणि वालचंद रामचंद कोठारी हे दोघे जैन कार्यकर्ते होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ब्राह्मणेतर समाजांना विधिमंडळात स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळावे, अशी या मंडळींची मागणी होती. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. त्यांनी मागितले होते त्या मानाने हे पदरात थोडेच पडले, तरी दार किलकिले झाले.

१९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता. अण्णासाहेब मात्र निवडणुकीस उभे राहिले आणि मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातून दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीवर निवडून गेले. त्या वेळच्या मताधिकाराचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. जमीनमहसूल, प्राप्तिकर अशा निकषांवर मताचा हक्क अवलंबून असे आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात असेंब्लीसाठी मत देऊ शकणारे लोक सुमारे नऊ लाखच होते. फेब्रुवारी १९२१ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या त्या पहिल्या असेंब्लीत अण्णासाहेबांनी विधिमंडळाच्या कामकाजाची रीत आत्मसात केली. बहिष्काराच्या लाटेत निवडून आलेल्यांची लोकांत संभावना होत असे, त्यांना सरकारधार्जिणे म्हटले जाई. अण्णासाहेबांच्याही वाट्याला ती टीका आली. सभागृहाबाहेर राहून बहुजनांचे काय भले होणार, हा त्यांच्या पक्षाचा प्रतिप्रश्न होता आणि तो अगदीच निरर्थक म्हणता येणार नाही.

१९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. ज्यांच्या राज्यातून संशयित म्हणून बाहेर पडावे लागले, त्याच महाराजांचे दोन खंडांतील इंग्रजी चरित्र अण्णासाहेबांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. शाहू महाराजांविषयी आजही कोणी अभ्यासक लिहावयास बसला, तर या ग्रंथाला वळसा घालून त्यास पुढे जाता येत नाही. १९२६ मध्ये राजाराम महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दिवाणपदावर आणले. बारा वर्षांपूर्वी जेथून निघून जावे लागले, तेथेच कारभाराची सूत्रे हाती आली. दिवाणबहादूर ही पदवीही त्यांना लाभली.

यानंतरचे वळण अनेकांना अनपेक्षित वाटले. १९३० च्या चळवळीनंतर ब्राह्मणेतर पक्षातील केशवराव जेधे यांच्यासारखे नेते काँग्रेसमध्ये गेले होते. अण्णासाहेबांनीही तीच वाट धरली. १९३५ च्या कायद्यान्वये झालेल्या १९३७ च्या निवडणुकीत ते बेळगाव जिल्ह्यातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून मुंबई विधानसभेवर निवडून आले. या वेळी देशभरातील प्रांतिक मतदारांची संख्या सुमारे तीन कोटींवर गेली होती. १९२० मध्ये काँग्रेस बाहेर असताना ते निवडून आले आणि १९३७ मध्ये काँग्रेसच्या बळावर. यास कोणी पक्षांतर म्हणेल. तथापि पहिल्या निवडणुकीत मत न देऊ शकणारा कुणबी दुसऱ्या निवडणुकीत मतदार झाला होता, आणि तो काँग्रेसकडे वळला होता. ज्या वर्गासाठी राजकारण आरंभिले, तो वर्गच जेथे गेला तेथे नेत्याने जावे, यात विसंगती शोधणे कठीण आहे.

१७५ सदस्यांच्या सभागृहात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. प्रारंभी धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ आले. ते गेल्यावर जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. मोरारजी देसाई, कन्हैयालाल मुनशी, डॉ. गिल्डर यांच्यासह सात मंत्र्यांच्या त्या मंत्रिमंडळात अर्थखाते लठ्ठे यांच्याकडे आले. काँग्रेसच्या धोरणानुसार मंत्र्याचे मासिक वेतन ५०० रुपये ठरले होते.

अर्थमंत्र्यापुढील पेच व्यापाऱ्याला चटकन उमजेल असा होता. मद्यावरील अबकारी उत्पन्न हा इलाख्याच्या महसुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा होता, आणि दारूबंदी हे काँग्रेसचे जाहीर वचन होते. म्हणजे जमेच्या बाजूची एक मोठी रक्कम आपल्याच हाताने खोडावयाची होती. खर्चाची बाजू तर फुगत चाललेली. कायदेभंगाच्या काळात जप्त होऊन विकल्या गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदा १९३८ मध्ये झाला, आणि शिक्षण व ग्रामसुधारणा यांच्या मागण्या होत्याच. १९३८ मध्ये अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी अंमलात आली.

तूट भरून काढण्यासाठी १९३९ च्या अंदाजपत्रकात शहरी स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाड्याच्या मूल्याच्या १० टक्के कर बसविण्यात आला. त्याच वर्षी मद्रासमध्ये राजगोपालाचारी यांनी दारूबंदीच्या जोडीने सर्वसाधारण विक्रीकर आणला होता. मद्रासचा भार दुकानदाराच्या वहीवर पडला, मुंबईचा मुख्य भार घरमालकावर. गिऱ्हाइकाच्या दारिद्र्याचा विचार करता मुंबईची निवड अधिक न्याय्य होती, असे म्हणावयास हरकत नाही. घरमालकांना अर्थातच तसे वाटले नाही. मुंबईत या कराविरुद्ध वादळ उठले. मद्यव्यवसायात गुंतलेला पारशी समाज आणि मालमत्ताधारक मुस्लिम समाज यांनी कडवा विरोध केला. जैन आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या चाळी व पेढ्याही करातून सुटल्या नाहीत. अर्थमंत्री आपल्या धर्माचा म्हणून कोणाला सवलत मिळाली नाही. सुभाषचंद्र बोस यांनी मुंबईच्या दारूबंदीवर जाहीर टीका केली. सभागृहात स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अंदाजपत्रकांची कठोर चिकित्सा केली. शिक्षणासारखी निकडीची कामे मागे पडत असताना दारूबंदीस अग्रक्रम का, हा त्यांचा सवाल होता. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले असे म्हणवत नाही. मद्यातून आलेल्या पैशावर शाळा चालवाव्यात काय, या प्रश्नाची दुसरी बाजू मात्र अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या अण्णासाहेबांना परकी नव्हती.

कराचा वाद उच्च न्यायालयात गेला. हा कर वस्तुतः उत्पन्नावरील आहे आणि तो बसविण्याचा अधिकार प्रांताला नाही, अशी हरकत घेण्यात आली. न्यायालयाने हा जमीन व इमारतींवरील कर असल्याचे मान्य करून तो वैध ठरविला. दारूबंदीचे नशीब मात्र तसे नव्हते. युद्धाच्या प्रश्नावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९४० मध्ये दारूबंदीची अधिसूचनाच न्यायालयात टिकली नाही. दारू परतली, तिच्यापायी आलेला कर मात्र राहिला.

दोन वर्षे आणि काही महिने एवढीच अण्णासाहेबांच्या मंत्रिपदाची कारकीर्द. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा अर्थखाते वैकुंठलाल मेहता यांच्याकडे गेले. १९५० साली अण्णासाहेबांचे निधन झाले. बेळगाव कोणत्या राज्यात जावे, हा वाद त्या वेळी पेटू लागला होता. त्याचा निकाल पाहावयास ते उरले नाहीत. सांगलीत त्यांच्या नावाने लठ्ठे एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. तिच्या महाविद्यालयास कस्तुरबाई वालचंद यांचे नाव आहे, आणि सोलापूरच्या दोशी घराण्याशी परिचित असलेल्यांना ते नाव निराळे सांगावयास नको.