अँटेना आणि हर्ट्झ

गॅदरिंगला वॉकीटॉकीचा अँटेना माझ्या हातून तुटला. दुकानात मी सर्वांत लांब अँटेना उचलला, पण रेंजच मिळेना. असं का, याचं उत्तर हाइनरिश हर्ट्झ यांच्या आयुष्यात सापडलं.

हर्ट्झ यांचा जन्म १८५७ चा, हॅम्बर्गचा. आपल्यासारखंच इंजिनिअरिंग घेतलं, पण मन रमेना, म्हणून फिजिक्सकडे वळले. मॅक्सवेलने कागदावर मांडलेल्या विद्युतचुंबकीय लहरी खरंच असतात, हे त्यांनी १८८६ ते १८८८ मध्ये कार्ल्सरूहच्या टेक्निकल कॉलेजात दाखवून दिलं. एकीकडे दोन दांड्यांच्या फटीत ठिणगी पाडायची. काही मीटरवर तारेचं साधं कडं. त्याच्या बारीक फटीतही ठिणगी उडे! इतकी लहान, की अंधारात बघावी लागे. कड्याचं माप लहरीशी जुळलं, की ती ठळक होई. नुसतं मोठं कडं घेऊन भागत नसे.

१ जानेवारी १८९४ ला, अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले.

आमचा सेट ४५० मेगाहर्ट्झचा. लहर सुमारे ६७ सेंटिमीटर, तिचा पाव भाग १७. तेवढा अँटेना लावला आणि आवाज खणखणीत आला. तेव्हा मित्रांनो, अँटेना घेताना लांबीवर जाऊ नका. कनेक्टर बसतो का आणि फ्रिक्वेन्सी जुळते का, ते बघा. त्या आकड्यापुढे हर्ट्झ यांचंच नाव असतं.