पांजरपोळाचे जमशेटजी

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय वाण्याच्या वहीपुरती. तरी स्मरणिकेसाठी काही द्याच, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला म्हणून हे धाडस. चेंबूरला आपण पांजरपोळला उतरतो, आणि घरात निकामी वस्तू साठल्या की पांजरपोळ झालाय म्हणून हसतो. पण मुंबईचा पांजरपोळ कोणी उभा केला, हे मलाही अलीकडेच वाचून कळले. त्या सर जमशेटजी जीजीभाईंची ही हकिगत.

त्यांचा जन्म १७८३ सालचा. घराणे नवसारीकडचे, ऐपत बेताचीच. सोळाव्या वर्षी आईबाप दोघेही गेलेले. मामांच्या आश्रयाने ते रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात शिरले आणि १८०३ साली मामांच्याच मुलीशी, अवाबाईंशी, त्यांचे लग्न झाले. चीनच्या त्यांनी पाच सफरी केल्या. चौथीत फ्रेंचांनी जहाज पकडले आणि त्यांना पार आफ्रिकेच्या टोकाला नेले. तरी ते परत आले आणि पुन्हा समुद्रावर गेले!

चीनला कापूस जाई, तशी अफूही जाई, आणि त्यांची फार मोठी दौलत अफूतली होती. हे लिहू नकोस, असे एका मैत्रिणीने सुचवले. पण व्यसनाने मोडलेला संसार मी जवळून पाहिला आहे, मला ते झाकणे पटले नाही. पैसा कुठून आला तेही सांगावे आणि कुठे गेला तेही.

आता मुख्य गोष्ट. मुंबईत बेवारशी कुत्र्यांना मारण्याचा सरकारी नियम १८१३ पासून होता. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई दारातल्या पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान. माणूस गेला की त्याला कुत्र्याची नजर दाखवतात. ६ जून १८३२ रोजी, नेमका त्यांचा पवित्र दिवस असताना, कुत्री मारणारे फिरू लागले आणि लोक भडकले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैनही त्यात होते. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचे अन्नपाणीसुद्धा अडले.

दंगा मोडला, धरपकड झाली. पण कुत्री होती तिथेच होती. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय काही खोटे नव्हते. मारायचे नाही, तर ठेवायचे कुठे? खायला कोण घालणार? १८३४ साली जमशेटजी आणि त्यांचे जैन स्नेही मोतीशा शेट यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वराकडे पांजरपोळ काढला. कुत्रीच नव्हेत, तर म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली गुरेही तिथे आली. एका शेटाच्या देणगीवर असे काम किती दिवस चालणार? म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीतून ठरावीक लाग देण्याचे मान्य केले. मला हीच गोष्ट सगळ्यांत शहाणपणाची वाटते. जनावराला रोज भूक लागते, मोठी देणगी वर्षातून एकदाच येते.

पुढे १८४२ मध्ये ते सर झाले, इस्पितळ काढले, कलाशाळेला पैसा दिला. अवाबाईंनी माहीमच्या खाडीवरील रस्त्यासाठी १ लक्ष ५७ हजार रुपये दिले. तो १८४५ मध्ये खुला झाला. त्यांच्यावर खरे तर वेगळा लेख हवा. जमशेटजी १८५९ साली वारले.

बांगड्या घ्यायला भुलेश्वरला गेले होते तेव्हा त्या गर्दीत गुरांचा वास आला म्हणून आत डोकावले. एक आजीबाई पदराच्या गाठीतले पैसे काढून गवताची पेंडी घेत होत्या. मीही एक घेतली.

गेल्या पावसाळ्यात आपल्या गल्लीतल्या तीन पायांच्या कुत्रीवरून मंडळाच्या सभेत किती वाद झाला, ते तुम्हांला आठवत असेल. ज्यांच्या मुलाला दुसरे कुत्रे चावले होते, त्या वहिनींचा राग मला चुकीचा वाटत नाही. शेवटी महिना दहा रुपयांची वर्गणी ठरली. अकरा जणी देतात. तिच्या आणि इतर चौघांच्या लशी झाल्या. वहिनी अजून वर्गणी देत नाहीत. पण परवा शिळ्या पोळ्या त्यांनीच माझ्याकडे पाठवल्या. डबा माझ्या दाराशी आहे. श्रावणाची वर्गणी अजून पाच जणींकडून यायची आहे.