डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

आपण चालतो, लिहितो, ओझे उचलतो. या प्रत्येक कामाला ऊर्जा लागते. ती पेशीत कोणत्या रूपाने वापरली जाते, हे शोधणाऱ्यांत डॉ. सुब्बाराव होते.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरी गरिबी होती. वडील लवकर वारले. सुब्बाराव दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या खेपेस मॅट्रिक उत्तीर्ण झाले. पुढे संग्रहणीच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ दगावले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात ते खादीचा पोशाख घालून शस्त्रक्रिया शिकू लागले. इंग्रज प्राध्यापकाला ते खपले नाही. सुब्बारावांना खालच्या दर्जाची पदवी मिळाली.

सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पत्नी भारतातच राहिली. पोटासाठी त्यांनी रुग्णालयात हलकी कामेही केली. हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२५ साली रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची सोपी रीत शोधली. तिचाच उपयोग करून ते स्नायू तपासू लागले. १९२७ साली त्यांना फॉस्फोक्रिएटिन सापडले. स्नायू काम करू लागला की हा पदार्थ कमी होई. विश्रांती मिळताच पुन्हा भरून येई! १९२९ साली त्यांनी ए.टी.पी. हा पदार्थ वेगळा केला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही तो सापडला.

ए.टी.पी. म्हणजे काय? बसमध्ये शंभराची नोट दिली तर कंडक्टर सुटे पैसे मागतो. ग्लुकोज ही मोठी नोट आहे. पेशी ती मोडून ए.टी.पी.चे सुटे पैसे करते. हे काम बरेचसे पेशीतील तंतुकणिकांमध्ये चालते व त्याला ऑक्सिजन लागतो. ए.टी.पी.च्या रेणूत फॉस्फेटचे तीन गट असतात. त्यांतील शेवटचा सुटा होताना जी ऊर्जा मिळते, तिच्यावर स्नायू आकुंचन पावतो. अन्नातील ऊर्जेने तो गट पुन्हा जोडला जातो.

एवढे काम करूनही हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. माझ्या मते हा अन्यायच होता. १९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तेथे त्यांच्या गटाने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. भावांचा बळी घेणाऱ्या संग्रहणीवर ते गुणकारी ठरले. हत्तीपाय रोगावरील हेट्राझान हे औषधही त्यांच्याच गटाने शोधले.

ऑगस्ट १९४८ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. काही वर्षांत परत येतो, असे सांगून ते घरून निघाले होते. ते परत आलेच नाहीत.