एड्सगर डायक्स्ट्रा : सामायिक साधनांना शिस्त लावणारा गणिती

एकाच संगणकावर अनेक प्रोग्राम चालत असताना प्रोसेसर, स्मृती, छपाईयंत्र ही मोजकी साधने त्यांनी आपसांत कशी वाटून घ्यावीत, या प्रश्नाला गणिती शिस्तीचे उत्तर देणाऱ्यांत डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा अग्रणी होते.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे जाणकार, तर आई गणिती. लायडन येथे भौतिकशास्त्राचे शिक्षण चालू असतानाच, १९५२ पासून, ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. हा पेशा तेव्हा इतका अपरिचित होता की १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी तो मान्य केला नाही. त्यांना भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी ‘एक्स८’ या संगणकासाठी ‘टीएचई’ ही कार्यप्रणाली रचली. दोन प्रोग्रामांनी एकाच क्षणी छपाईयंत्र मोकळे असल्याचे पाहिले, तर दोघेही त्याचा ताबा घेतील आणि मजकुराची सरमिसळ होईल. असा दोष क्वचितच प्रकटतो. म्हणून चाचणीत तो सापडेलच असे नाही.

यावर त्यांनी ‘सेमाफोर’ योजला. हे नाव रेल्वेच्या सिग्नलवरून आलेले. सेमाफोर म्हणजे एक सामायिक संख्या; तिला केवळ ‘पी’ आणि ‘व्ही’ या दोन अखंड क्रियांनीच स्पर्श करता येतो. साधन घेण्यापूर्वी ‘पी’ करावे. ते मोकळे नसेल तर प्रोग्राम थांबून राहतो. काम संपताच ‘व्ही’ करावे, म्हणजे थांबलेल्यांपैकी एकाला वाट मिळते. कोणाचा वेग किती, हे प्रोग्रामरने जाणण्याची गरजच उरली नाही. प्रणालीचे एकावर एक थर रचल्यामुळे प्रत्येक थराची अचूकता तर्काने तपासता आली.

तथापि, दोघांनी एकेक साधन अडवून परस्परांची वाट पाहिली, तर सेमाफोर असूनही काम ठप्प होते. हा पेच त्यांनी झाकला नाही. उलट १९६५ साली विद्यार्थ्यांना परीक्षेत घातला. ‘भोजनास बसलेले तत्त्वज्ञ’ या नावाने तो पुढे जगभर शिकवला गेला.

१९६८ मध्ये ‘टीएचई’वरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला. १९८४ पासून त्यांनी अमेरिकेत ऑस्टिन येथे अध्यापन केले. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले. आजच्या कार्यप्रणालींत सेमाफोर कायम आहे आणि साधने कोणत्या क्रमाने मागावीत, हे ठरवण्याची जबाबदारीही प्रोग्रामरवर कायम आहे.