वेड्यावाकड्या भांड्यांची भिक्खुणी रेंगेत्सू



हॉर्नबीतल्या मागच्या वंदनेला मुलांनी केलेले मातीचे दिवे तुम्ही पाहिलेत. चार-पाच वाकडे निघाले, तर ते आपण मोठ्यांनीच टेबलाखाली सरकवले. तेव्हापासून जपानची रेंगेत्सू डोक्यात घोळते आहे.

1791 साली क्योतोत जन्मलेली ही मुलगी ओतागाकी घराण्यात दत्तक गेली. लहानपणी एका किल्ल्यात चाकरीला राहिली. तिथे कवितेबरोबर शस्त्रविद्याही शिकली. पहिला संसार मोडला, दुसरे पती वारले, पोटची लेकरं लहानपणीच गेली. 1823 मध्ये तिने केस उतरवून जोदो परंपरेत प्रव्रज्या घेतली, सोबत दत्तक वडिलांनीही. रेंगेत्सू हे नाव तेव्हाचं. त्याचा अर्थ कमळ आणि चंद्र.

1832 मध्ये वडीलही गेले. चाळिशीतली एकटी बाई, पोट कसं भरणार? कविता शिकवावी, पटावरचा गो खेळ शिकवावा, असे विचार करून झाले. शेवटी तिने माती धरली. काम येत नव्हतं. चाकाऐवजी बोटांनीच गोळा दाबत, चिमटत ती चहादाण्या आणि पेले घडवू लागली. (साकेच्या सुरयाही केल्या; पंचशीलवाल्यांनी रागावू नये!) बोटांचे ठसे तसेच राहत. भांडं ओबडधोबड आहे हे तिला कळत होतं, म्हणून ओल्या मातीवरच ती टोकदार हत्याराने स्वतःची कविता कोरी आणि मग भांडं भट्टीत जाई. लोकांना नेमकी तीच भांडी हवीशी झाली.

तिची गोष्ट बहुधा दुःखाची म्हणून सांगतात. मला मात्र पुढचा भाग मोठा वाटतो. बाजारात तिच्या भांड्यांच्या नकला निघाल्या, तर तिने त्या कारागिरांच्या भांड्यांवरही आपल्या कविता लिहून दिल्या. त्यांचंही पोट होतं ना! गिऱ्हाइकांची गर्दी टाळायला ती सारखी घरं बदलायची. मिळालेल्या पैशातून दुष्काळग्रस्तांना दान दिलं, कामो नदीवरच्या पुलालाही दिलं. अखेरची वर्षं जिन्कोइन विहारात गेली. 1875 मध्ये निधन होईपर्यंत हात मातीतच होते.

तर, टेबलाखालचे ते दिवे या रविवारी बाहेर काढा आणि बुद्धमूर्तीपुढे लावा. तेल गळत नाही ना, एवढं आधी बघून घ्या.